दादाला पत्र लिहिताना



सातारा-कोल्हापूरकडच्या कुठल्याही शाळेत जा आणि विचारा, "कुणाच्या घरातलं कोण फौजेत आहे?" बाकाबाकावरून हात वर होतील. कुणाचे आजोबा, कुणाचा मामा, कुणाचा चुलता. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला तर सगळा मुलूख 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतो. त्यामुळे दादा भरती झाला की काय काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात, स्टँडवर भला मोठा फ्लेक्स लागतो. मग काळी लोखंडी ट्रंक येते, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव घातलं जातं, आणि एका पहाटे दादा एसटीत बसून निघून जातो.

त्या फ्लेक्सवर जे कुणी छापत नाही, ते आज सांगायचं आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कधीतरी रविवारी फोन येतो. पलीकडून दादा आधी नुसताच "हं, हं" करतो. मग आवाज बारीक होतो आणि तो म्हणतो, "आई, मला घेऊन जावा."

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी असा फोन आला. नाव सांगत नाही, कारण तिच्या दादाला आवडणार नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ घुटमळत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "बाई, फौजेत कुणी रडलं तर त्याला काढून टाकतात का?"

नाही काढत. हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. पण तिला उत्तरापेक्षा जास्त काहीतरी हवं होतं. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. आजी म्हणत होती, "आणा पोराला परत, भाकरीला काय महाग आहोत का आपण?" बाबा म्हणत होते, "बाप्या माणसानं रडायचं असतं का? आणि गावात तोंड कसं दाखवायचं? पेढे वाटलेत आपण." आई काहीच म्हणत नव्हती. आणि नऊ वर्षांची ही पोर मधे उभी. तिचा दादा पुरता अठराचासुद्धा नव्हता.

तर आधी हे समजून घेऊ की त्या दादाला झालं होतं तरी काय.

घराच्या आठवणीनं माणूस आजारी पडतो, हे फार जुन्या काळापासून लोकांना माहीत आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात योहानेस होफर नावाचा एक वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्यानं १६८८ साली याच विषयावर प्रबंध लिहिला आणि या दुखण्याला नाव दिलं : 'नॉस्टाल्जिया'. ग्रीक भाषेत 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. आज आपण जुनी गाणी ऐकताना हा शब्द मजेत वापरतो. तेव्हा मात्र ते एका आजाराचं नाव होतं. होफरनं एका विद्यार्थ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. तो बर्नहून बाझेलला शिकायला आला आणि इतका आजारी पडला की वाचेल असं कुणाला वाटेना. शेवटी त्याला घरी न्यायचं ठरलं. आणि गंमत म्हणजे, घरी पोचण्याआधी वाटेतच तो बरा व्हायला लागला!

पुढे हे दुखणं सगळ्यात जास्त सांगितलं गेलं ते सैनिकांबद्दल. स्वित्झर्लंडचे डोंगरी जवान पोटासाठी दुसऱ्या देशांच्या फौजांत चाकरी करायचे. असं सांगतात की डोंगरात गुरं वळताना म्हणायची गाणी त्यांच्यासमोर गायला बंदी असे, कारण ती ऐकली की हे धिप्पाड गडी ढसाढसा रडत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. त्या वेळच्या लष्करी डॉक्टरांनी हजारो शिपायांच्या नावापुढे 'नॉस्टाल्जिया' अशी नोंद केलेली आहे. आणि आपले लोक? पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ मध्ये, आपले जवान फ्रान्सच्या थंडीत लढत होते. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं सरकार उघडून वाचायचं, त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवायचं. ते कागद आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मिशा पिळणारे शूर गडी त्यात शेताची, पावसाची, घरच्या माणसांची चौकशी करताना दिसतात.

म्हणजे तुमचा दादा भित्रा नाही. तो एका मोठ्या रांगेत उभा आहे, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, तो बर्नचा मुलगा घरी न्यायला निघाल्यावर बरा झाला, मग दादालाही आणावं ना?" प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी दादाचा दिवस कसा जातो ते पाहू.

आपल्याकडची पुष्कळ मुलं बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जातात. ही पलटण १७६८ सालची, आणि तिचं केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. कुणी नाशिक रोडला तोफखान्यात, कुणी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, कुणी अहिल्यानगरला रणगाड्यांच्या केंद्रात, कुणी नौदलासाठी ओडिशातल्या चिल्का इथे जातो. २०२२ साली अग्निपथ योजना आली, तेव्हापासून मुलं 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी भरती होतात. पायदळातल्या अग्निवीराचं प्रशिक्षण साधारण ३१ आठवड्यांचं असतं. पहाटे अंधारात उठायचं, दाढी करायची, बिछाना घडी घालून ठेवायचा. मग पीटी, मग ड्रिल, मग हत्यारांचा वर्ग, नकाशा वाचणं, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी हजेरी. शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणायचं. हुकूम हिंदीत. केस बारीक कापलेले, सगळे सारखेच दिसतात. घरी ज्याला आई तीनदा हाक मारायची, तो शिट्टी वाजली की दोन मिनिटांत रांगेत.

दिवसभर घर आठवायला सवड नसते. आठवण येते ती रिकाम्या वेळी : रात्री दिवे गेल्यावर, पावसानं मैदान बंद असलं की, आणि रविवारी. मोबाइलही बहुतेक ठिकाणी जमा केलेला असतो आणि ठरलेल्या वेळी, बहुधा सुट्टीच्या दिवशी, हातात मिळतो. म्हणजे बघा, सगळ्यात हळव्या वेळी त्याच्या हातात फोन येतो आणि पलीकडे आईचा आवाज येतो. मग बांध फुटणारच! फोन ठेवल्यावर तासाभरानं तो कदाचित व्हॉलीबॉल खेळत असतो. पण घरी तुम्ही सगळे मात्र पुढचे सहा दिवस तोच रडका आवाज ऐकत बसता. हे आई-बाबांनी जरूर लक्षात घ्यावं.

घराच्या आठवणीचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. पहिले काही आठवडे लाटा मोठ्या. मग सोबती मिळतात, अंगाला सवय होते, कुठला उस्ताद नुसताच ओरडतो आणि कुठला खरंच रागावतो हे कळायला लागतं, आणि लाटा बारीक होतात. पार थांबत नाहीत. बहुतेक मुलं यातून जातात. अंतराचाही इथे फारसा संबंध नाही बरं का. साताऱ्याहून बेळगाव चार-पाच तासांवर आहे, तरी तिथला मुलगा चंद्रावर गेल्यासारखा रडतो.

आणि सोडून येणं म्हणाल, तर ती वाट तशी सरळ नाही. अग्निवीराला आपल्या मर्जीनं मधेच सोडता येत नाही. अगदीच अपवादाची परिस्थिती असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंजुरीनंच ते होतं. पालकांसाठी आणखी एक सांगते. भरतीचं वय साडेसतरापासून सुरू होतं आणि मुलगा अठराच्या आत असेल तर अर्जावर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते. ती सही करताना फक्त पगाराचा आकडा बघू नये. मुलगा कधी चार दिवस तरी घराबाहेर राहिलाय का, स्वतःचे कपडे धुतलेत का, अनोळखी मुलांत जेवलाय का, हेही बघावं. वर्षभर अकादमीत धावण्याची तयारी करून घेतात. या तयारीबद्दल कुणी बोलत नाही.

तर त्या मुलीकडे वळू. मी तिला म्हटलं, "दादाला पत्र लिही."

दुसऱ्या दिवशी तिनं आणलं. "प्रिय दादास, सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व कुशल आहोत. तूही कुशल असशील. आम्हाला तुझा अभिमान आहे. तू मन लावून देशसेवा कर. घराण्याचे नाव राख." अक्षर सुंदर, शुद्धलेखनाची एक चूक नाही. परीक्षेत पाचपैकी पाच गुण दिले असते. पण या पत्रात घर कुठे होतं? असं पत्र गावातल्या कुणीही कुणालाही लिहावं.

मी विचारलं, "आज सकाळी तुमच्या घरात काय काय झालं?"

"काही नाही बाई. मोती दादाच्या चपलेवर झोपला होता."

"लिही."

मग निघत गेलं. मोती दादाच्या चपलेवर झोपतो आणि आई ती चपल उचलत नाही. गंगी व्याली, कालवड झाली, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. दादाच्या सायकलीची हवा गेली आहे, "पण मी नाही काढली." आजीनं मधल्या आळीतल्या काकूंशी पुन्हा अबोला धरला आहे, कारण तेच, नळाचं पाणी. बाबा रात्री बातम्या लावतात आणि सैन्याचं काही दाखवलं की सगळ्यांना गप्प करतात. शेवटी तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं, "कालवडीचं नाव कुणी ठेवलं नाही. तू सांग, म्हणजे आम्ही ठेवू."

या शेवटच्या ओळीवर मी खूश झाले. तिनं दादाला घरातलं एक काम दिलं होतं! तिकडे गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त कसली भीती वाटते ठाऊक आहे? घर आपल्यावाचून चाललंय, आपली जागा भरून गेली, याची. 'तुझ्याशिवाय आम्ही मजेत आहोत' हे वाचून त्याला वाईट वाटतं आणि 'तुझ्याशिवाय घास उतरत नाही' हे वाचून त्याहून वाईट वाटतं. कालवडीचं नाव मात्र त्यालाच ठेवायचंय, म्हणजे त्याची जागा अजून आहे.

तिला पत्रात मोतीचे दोन केसही घालायचे होते. मग आम्ही अंतर्देशीय पत्र रद्द केलं, कारण त्यात आत काही घालायला परवानगी नसते, आणि लिफाफा आणला. (केस पाठवले, हो. पोस्टमनकाकांना सांगू नका!) पाकिटावर नंबर, नाव, कंपनी, प्लाटून सगळं नीट लिहिलं. हे महत्त्वाचं, कारण एका आडनावाचे तिथे पन्नास निघतील, पण नंबर एकाचाच असतो.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना पत्र कशाला? कारण फोन दहा मिनिटांत संपतो. पत्र उशीखाली ठेवता येतं, बुधवारी रात्रीही वाचता येतं आणि ते वाचताना कुणी "रडतोस का?" असं विचारत नाही. शिवाय फोनवर सगळे एकदम बोलतात. आई विचारते जेवलास का, बाबा विचारतात धावण्यात कितवा आलास, आजी नुसतीच रडते.

फोनवर कसं बोलावं याचेही दोन शब्द सांगते, मोठ्यांनीही वाचावेत. "मला घेऊन जा" असं तो म्हणाला की लगेच "येतो हं उद्या" म्हणू नका आणि "लाज आणलीस" असंही म्हणू नका. पहिल्या उत्तरानं तो दुसऱ्या दिवशी गेटकडे बघत बसतो. दुसऱ्यानं तो पुढच्या रविवारी खरं सांगायचं बंद करतो, आणि ते जास्त वाईट. नुसतं म्हणा, "आठवण येतेय ना? आम्हालाही येते. आज काय काय झालं सांग." मग ऐका. त्याला ठेचा आठवतोय म्हणाला तर ठेच्याबद्दलच बोला. "तिथे काय मिळतं जेवायला? शेजारच्या पलंगावरचा मुलगा कुठला? त्याच्या घरी कोण कोण असतं?" शेजारच्या पलंगाचा प्रश्न मला फार कामाचा वाटतो. त्या मुलालाही रात्री घर आठवतं आणि तोही पांघरुणात तोंड घालून पडतो, हे कळायला दादाला कधीकधी महिना लागतो.

घरात कुणी आजारी असेल तर ते लपवावं का? यावर घराघरांत वाद होतात. माझं मत असं, की मोठ्यांनी आपसांत ठरवून खरं ते साध्या शब्दांत सांगावं : "आजी दवाखान्यात होती, आता घरी आहे, वरणभात खाते." लपवलेलं त्याला मित्राच्या मेसेजमधून कळतंच, आणि मग तो घरच्या प्रत्येक "सगळं ठीक आहे" वर शंका घेतो. मात्र कर्ज, भावकीतली भांडणं, बांधाचा वाद हे त्याच्या पहिल्या पगाराच्या आशेनं त्याला ऐकवत बसू नये. तो तिथून काय करणार?

आता एक गंभीर गोष्ट. सगळी रडणी सारखी नसतात. मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवण टाकलं असेल, फोनवर बोलणंच बंद केलं असेल किंवा "मला जगायचंच नाही" असं एकदा जरी म्हणाला, तर ती नुसती घराची आठवण नव्हे. तेव्हा 'होईल सवय' म्हणत थांबायचं नाही. त्याच्या कंपनीत सुभेदारसाहेब असतात, कंपनी कमांडर असतात, केंद्रात डॉक्टर असतात. त्यांच्याशी वडिलांनी त्याच दिवशी बोलावं. त्यांना कळलं तर मुलाचं नुकसान होईल या भीतीनं गप्प बसू नये. सरकारची टेलिमानस म्हणून मोफत फोनसेवाही आहे, नंबर १४४१६. तिथे दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही बोलता येतं. आणि मुलांनो, दादानं असलं काही फक्त तुमच्यापाशी सांगितलं आणि "कुणाला बोलू नको" अशी शपथ घातली, तरी ही एक शपथ मोडायची. आईला सांगायचं. बाबा ओरडतील असं वाटलं तर शाळेत बाईंना सांगायचं.

त्या मुलीच्या पत्राचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. रविवारी फोन आला. दादानं म्हणे आधी कालवडीबद्दलच विचारलं आणि नाव सुचवलं, 'चांदणी'. मग गंगीचा चीक कुणाकुणाला दिला, सायकल कुणी वापरली, अशी दहा मिनिटं गेली. त्याच्या पुढच्या रविवारी तो पुन्हा रडला. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं सांगितलं की दोरीवर चढण्यात तो प्लाटूनमध्ये तिसरा आला. मग पाऊस झाला, पुन्हा एकदा रडला. असं चाललं. बाबांनीही मग एक पत्र लिहिलं, आयुष्यातलं पहिलंच. त्यात काय होतं ते त्यांनी घरात कुणाला दाखवलं नाही.

प्रशिक्षण संपलं की कसम परेड होते. तिरंग्यासमोर शपथ घेतात, बँड वाजतो, घरच्यांना बोलावतात. जमलं तर नक्की जा, आणि लवकर पोचा, कारण सगळे एकसारखे दिसतात आणि आपला दादा शोधायला वेळ लागतो. मग तो सुट्टीवर घरी येतो. इथे माझ्या बालमित्रांसाठी एक आगाऊ सूचना. तो पहाटे उठेल. तुमची चादर ओढून घडी घालेल. जेवण पाच मिनिटांत संपवेल आणि तुमच्याशी बोलायचं सोडून बेळगावच्या दोस्तांना फोन लावत बसेल. चार दिवसांनी म्हणेल, "इथे करमत नाही."

रागावू नका. आणि तो आल्या आल्या "बंदूक कशी चालवतात दाखव" म्हणून मागे लागू नका. आधी त्याला मोतीला भेटू द्या, चांदणीला पाहू द्या, आणि दुपारी बारापर्यंत झोपू द्या.

तुमच्या बाई